अवीदादानं जोडलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात कॉम्प्युटर तुकड्यातुकड्यानं आला. आधी नुसतं कॅबिनेट आलं, आणि ते इतके दिवस रिकामं पडून राहिलं की आईनं त्यात कांदे ठेवायला सुरुवात केली. दिवाळीचा बोनस झाल्यावर मदरबोर्ड आणि प्रोसेसर आले, संक्रांतीच्या आसपास हार्डडिस्क आली, आणि सगळ्यात शेवटी शहागंजाच्या बाजारातून पोत्यात गुंडाळलेला जुना मॉनिटर आला, कडेनं पिवळा पडलेला. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो माझा थोरला भाऊ, अवीदादा, खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर भिंतीला टेकून बसलेला असायचा. आलेली प्रत्येक वस्तू आधी त्याच्या मांडीवर ठेवायची, असा आमच्याकडे नियमच झाला होता. तो ती बोटांनी चाचपायचा, वास घ्यायचा, आणि मग मला म्हणायचा, "ठेव आता नीट. पाणी लागू देऊ नको."

आम्ही मुकुंदवाडीत दोन खोल्यांत राहायचो. पुढच्या खोलीवर पत्रे होते. वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. कारखान्याचा भोंगा आमच्या घरापर्यंत यायचा आणि आईचा सगळा दिवस त्या भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला चूल, म्हणजे गॅस, पेटलेला असायचा आणि ज्वारीच्या भाकरीचा थपथप आवाज सुरू असायचा. शेजारी पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की आमच्या भिंतीला हात लावला तरी थरथर लागायची. आणि विमानं. विमानतळ जवळ असल्यामुळं विमान उतरताना पत्रे वाजायचे. अवीदादा नुसत्या आवाजावरून सांगायचा, हे मुंबईचं, हे दिल्लीचं, आज उशीर झालाय. त्याला दुसरं काम नव्हतं, हे आज लिहिताना जाणवतं. तेव्हा मला ती हुशारी वाटायची.

लहानपणी त्याच्या पोटऱ्या इतक्या गोल आणि टणक होत्या की गल्लीतली माणसं त्याला पैलवान म्हणायची. आईला त्याचा अभिमान होता. मग तो पडायला लागला. सपाट रस्त्यावर, काही कारण नसताना पडायचा. उठताना आधी हात जमिनीवर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. मला वाटायचं, सगळे थोरले भाऊ असेच उठतात. पुढं जिने बंद झाले, मग चालणं बंद झालं. अण्णा त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचे आणि उचलून बाकावर ठेवायचे. नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला. मुख्याध्यापकांनी सांगितलं की एका मुलासाठी वर्ग खाली आणता येणार नाही. अण्णा महिनाभर त्याला पाठीवर घेऊन जिना चढले. मग कारखान्यात त्यांच्या पाळ्या बदलल्या आणि ते संपलं.

घरात या सगळ्याला एकच शब्द होता, अशक्तपणा. "अवीचा अशक्तपणा." दवाखान्यातल्या गोळ्या होत्या, आणि पैठणकडच्या एका वैद्यानं दिलेलं काळपट तेल होतं. आई दर दोन महिन्यांनी एसटीनं जाऊन त्याची बाटली भरून आणायची. रोज सकाळी, आंघोळीच्या आधी, ती वाटीत तेल कोमट करून त्याच्या पायांना, मग हातांना चोळायची. आमच्या घराला, आमच्या कपड्यांना, माझ्या दप्तरालासुद्धा त्या तेलाचा वास होता. वर्गातल्या मुली मला विचारायच्या, तुमच्याकडं कुणी आजारी आहे का. मी सांगायची, नाही, भावाला जरा अशक्तपणा आहे.

घरी बसल्यावर दादा वाचायला लागला. आमच्या गल्लीतला रद्दीवाला इंग्रजी मासिकं बाजूला काढून ठेवायचा आणि मी ती आणायची. त्यातली बरीचशी कॉम्प्युटरची असायची. अर्धं इंग्रजी त्याला कळायचं नाही. तरी तो एकेक पान चार चार वेळा वाचायचा आणि मी शाळेतून आले की मला समजावून सांगायचा. त्यातूनच त्याच्या डोक्यात बसलं की तयार कॉम्प्युटर आपल्याला परवडणार नाही, पण सुटे भाग घेतले तर घरच्या कामापुरता एक उभा करता येईल. त्याला खेळ नको होते, मोठा आवाज नको होता. लिहिता यावं, हिशेब करता यावा, लग्नाची पत्रिका छापायला देण्याआधी तिचा मजकूर मांडून ठेवता यावा, आणि जमलं तर पुढं इंटरनेट लावता यावं. कुठं हात आखडायचा आणि कुठं नाही, हे त्यानं ठरवून ठेवलं होतं. प्रोसेसर सगळ्यात हळू चालणारा घेतला तरी हरकत नाही, पण मेमरी थोडी जास्त हवी. मॉनिटर जुना चालेल, हार्डडिस्क मात्र नवीनच, कारण आपण जे लिहू ते तिच्यात राहणार.

अण्णा याला हो म्हणाले, याचं मला अजून नवल वाटतं. ते फार बोलणारे नव्हते. पोरगा काहीतरी मागतोय, एवढंच त्यांना पुरेसं होतं बहुतेक. विरोध केला तो आत्यानं. डोळ्यांच्या इलाजासाठी ती गावाकडून आमच्याकडं येऊन राहिली होती. एका दुपारी जेवताना, येसराच्या आमटीत भाकरी कुस्करत, ती अण्णांना म्हणाली, "एवढा खर्च कामून करतो तू? त्याच्या मागं कोन वापरनार हाय ते?"

दादा तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. आई त्याला घास भरवत होती. आईचा हात हवेत तसाच राहिला. अण्णांनी ताट बाजूला सारलं आणि उठून बाहेर गेले. दादा आत्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो विचार करत होता. "मागं म्हणजे कुठं?" असं त्यानं नंतर मला विचारलं. मी म्हणाले, आत्या काहीही बोलते. पण तो शब्द त्याच्या मनातून गेला नाही, हे मला पुढं कळलं.

शहागंजात इरफानभाई म्हणून होते. टीव्ही दुरुस्त करायचे आणि त्या दिवसांत जुने कॉम्प्युटर घेऊन त्यांचे भाग विकायला लागले होते. अण्णांनी एका रविवारी रिक्षा केली, दादाला उचलून आत बसवलं आणि आम्ही तिघं गेलो. दुकानाला उंच ओटा होता आणि आत माणूस उभा राहायलाही जागा नव्हती. इरफानभाईंनी एकदा दादाकडं पाहिलं आणि काही न विचारता एकेक वस्तू बाहेर आणून रिक्षाच्या सीटवर मांडायला सुरुवात केली. मागं गाड्यांचे हॉर्न, खजुराच्या गाड्या, माणसांचे धक्के, आणि हा रिक्षात बसून विचारतोय, हा बोर्ड कुठल्या साली निघाला, याला वेगळं डिस्प्लेचं कार्ड लागेल का. इरफानभाई म्हणाले, "कार्ड नक्को बेटा, बोर्ड मेच है." मॉनिटर त्यांनी तिथंच वायर ओढून लावून दाखवला आणि पैसे जमेपर्यंत बाजूला ठेवतो म्हणाले. जाताना अण्णांना जरा बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, बच्चे को क्या हुआ है. अण्णा म्हणाले, "अशक्तपणा है." इरफानभाईंनी मान हलवली.

जोडायचं काम होळीच्या सुट्टीत झालं. खाटेसमोर मी पाट मांडला, त्यावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर बोर्ड. दादाची इच्छा होती की पहिला स्क्रू त्यानं लावावा. त्याची बोटं अजून चांगली होती, पण खांद्यातून हात उचलता येत नव्हता. मी त्याचं मनगट धरून हात वर आणला, स्क्रूड्रायव्हर बोटांत दिला. त्यानं स्क्रूवर टेकवला, आणि फिरवायला लागणारा जोर त्याच्याकडं नव्हता. दोनदा, तीनदा स्क्रूड्रायव्हर घसरून बोर्डावर पडला. तिसऱ्या वेळी तो घाबरला. स्वतःसाठी नाही, बोर्डासाठी. "तू कर," तो म्हणाला, "मी सांगतो तसं कर." त्या दिवसापासून मी त्याचे हात झाले. आधी नळाला हात लावून ये, अंगातली वीज उतरू दे. हातातल्या बांगड्या काढ. प्रोसेसरवरचा सोनेरी त्रिकोण आणि बोर्डावरचा त्रिकोण जुळव, दाबू नको, आपोआप बसला पाहिजे. मला घाम फुटला होता. तो मात्र शांत आवाजात एकेक गोष्ट सांगत होता, जणू माझी बोटं त्याच्याच खांद्याला जोडलेली आहेत.

बटण दाबलं तेव्हा पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. आई दारात उभी होती, तिचं तोंड उतरलं. दादानं डोळे मिटले. मग म्हणाला, बंद कर, मेमरीची पट्टी काढ आणि परत बसव, दोन्ही बाजूंनी टक्क असा आवाज येईपर्यंत. मी अंगठ्यानं दाबलं. मोडेल की काय इतका जोर लावावा लागला. आवाज आला. पुन्हा बटण दाबलं आणि कॅबिनेटमधून एक बारीक शिट्टी वाजली, पडद्यावर पांढरी अक्षरं आली. आईनं हळदीकुंकू आणलं आणि नेमकं मॉनिटरच्या काचेला लावलं. दादा हसला. त्याचं असं मोकळं हसणं मी त्यानंतर फार कमी वेळा पाहिलं.

काही महिने बरे गेले. मी सकाळी त्याचा हात उचलून माउसवर ठेवायची, कोपराखाली उशी द्यायची. एकदा हात जागेवर ठेवला की बोटं सगळं करायची. टाइप करताना तो अक्षरं सांगायचा आणि मी कळा दाबायची. गल्लीतल्या कुणाकुणाचे नोकरीचे अर्ज त्यानं लिहून दिले, लग्नाच्या निमंत्रणपत्रिका मांडून दिल्या. लोक खाटेजवळ खुर्ची ओढून बसायचे. मग अण्णांनी फोन घेतला आणि दादानं इंटरनेट लावायचं ठरवलं.

तो रविवार होता. आई गल्लीतल्या बारशाला गेली होती, अण्णांची दुसरी पाळी होती. मोडेम किरकिरत लागला. मला वाटलं आता दादा विमानं बघेल. त्याऐवजी तो म्हणाला, मी सांगतो ते टाइप कर. डी, यू, एस, एच. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, मी आठ वर्षांचा असताना सरकारी दवाखान्यात मला खाली बसवून उठायला लावायचे. भोवती शिकणारे डॉक्टर उभे असायचे. मोठा डॉक्टर दर वेळी एक शब्द म्हणायचा. आई-अण्णा तेव्हा बाहेर असायचे. तो शब्द त्यानं कानावर पडला तसा इतकी वर्षं जपून ठेवला होता. आम्ही तो तीन-चार तऱ्हांनी लिहून पाहिला. काहीतरी भलतंच यायचं. शेवटी कॉम्प्युटरनंच खाली विचारलं, तुम्हाला हे म्हणायचं आहे का. दादा म्हणाला, "माउस त्याच्यावर ने."

ते पान वरून खाली, ओळीओळीनं उतरलं. आधी मुलांच्या पायांचं एक चित्र आलं. जाड पोटऱ्या. उठताना मांडीवर ठेवलेले हात. मला इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण ते चित्र मला लगेच कळलं. दादा वाचत गेला. त्याचं बोट माउसवर हळूहळू हलत होतं. शेवटपर्यंत गेला, परत वर आला, परत खाली गेला. गिरणी बंद होती. इतकी शांतता होती की कॅबिनेटचा पंखा मोठ्यानं वाजतोय असं वाटत होतं.

मी विचारलं, काय लिहिलंय. तो म्हणाला, थांब. मग म्हणाला, "सुवे, हे तेलानं जात नाय. कशानंच जात नाय." कुठवर जातं, हेही तिथं लिहिलेलं होतं. ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आत्याच्या 'मागं' या शब्दाचा अर्थ त्याला त्या दुपारी कळला असणार. पुढं त्यानं मला सांगितलं ते दुसरंच. हा आजार आईच्या बाजूनं येतो. मुलांना होतो, मुलींमध्ये नुसता असतो, बहुतेकींना स्वतःला काही होत नाही. आईला एक थोरला भाऊ होता, दत्तामामा. तो कोवळ्या वयातच गेला आणि त्याला ताप चढला होता, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याचा एकही फोटो कुठं नव्हता. आम्ही दोघंही एकाच वेळी त्याचा विचार करत होतो, हे न बोलता कळलं.

"आईला हे कळता कामा नये," दादा म्हणाला. "आत्याला तर अजिबात नाय. ती आईला जगू देणार नाय."

मी मान डोलावली. मग तो म्हणाला, "आणि तू लग्नाआधी तपासून घे."

मी आठवीत होते. लग्न या शब्दाची मला लाज वाटली आणि मी उठून पाणी प्यायला गेले. आज माझे केस पांढरे व्हायला लागलेत, घरात वयात आलेली एक मुलगी आहे, आणि ते माझ्यात आहे हे मला ठाऊक आहे. नवऱ्याला मी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. मुलीला अजून सांगायचंय. हे सगळं लिहायला बसले त्यामागं तेही एक कारण आहे. पंधरा वर्षांच्या मुलानं स्वतःचं मरण वाचल्यावर पहिल्या तासाभरात आईचा आणि बहिणीचा विचार केला, हे तिला माहीत असावं असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीप्रमाणं तेलाची वाटी घेऊन आली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मला वाटत होतं, आता तो नको म्हणेल. त्यानं तिला पाय पुढं ओढून घेऊ दिले. आई चोळत राहिली आणि तो तिच्या डोक्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आज जरा हलकं वाटतंय." खोटं बोलणं त्याला कधी जमायचं नाही. घरात कुणी काही मोडलं तर तोच पहिला सांगून टाकायचा. पण त्या सकाळपासून तो रोज आईशी खोटं बोलला, वेगवेगळ्या शब्दांत, वर्षानुवर्षं. थंडीत म्हणायचा, तेलामुळं ऊब येते. आई पैठणहून दमून आली की म्हणायचा, या वेळची बाटली चांगली आहे.

माझ्याशी मात्र तो खरं बोलायचा. कुठलं बोट गेलं, हे मला आधी कळायचं. आम्ही माउसची जागा बदलत राहिलो, उशा बदलत राहिलो. शेवटच्या वर्षी फक्त उजव्या हाताचं मधलं बोट उरलं होतं. मी कॉलेजातून आले की माउसचं बटण त्या बोटाखाली सरकवायची. तो बुद्धिबळ खेळायचा, फार हळू. कॉम्प्युटरला तोवर दोनदा नवा पंखा लागला होता, मेमरी वाढवली होती, आणि ते सगळं त्यानं सांगितलं तसं मी केलं होतं. श्वासाचा आवाज यायला लागला तेव्हा गिरणी चालू असली तरी तो ऐकू यायचा. एका हिवाळ्यात छातीत कफ झाला. दवाखान्यात चार-सहा दिवस काढले आणि एका सकाळी तो गेला. अण्णांनी त्याला उचलून गाडीत ठेवलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर बरेच दिवस कॉम्प्युटर झाकलेला होता. आईनं त्यावर तिचं एक जुनं सुती लुगडं घातलं होतं. आत्या येऊन गेली, रडली, आणि जाताना आईचं नशीब, आईचं माहेर असं काहीबाही बोलून गेली. मग एका दुपारी, मी अभ्यासाला बसले होते तेव्हा, आईनं ते लुगडं काढलं, नीट घडी घातली आणि खाटेवर बसली. दादाच्या जागेवर.

"चालू कर," ती म्हणाली.

मी चालू केला. मला वाटलं तिला त्यानं लिहून ठेवलेलं काही बघायचंय. ती म्हणाली, "अवीनं त्याच्या दुखन्याचं काय वाचलं व्हतं ते दाखव मला."

मी म्हणाले, तुला कुणी सांगितलं, त्यानं असं काही वाचलं नव्हतं. आई पडद्याकडं बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, मराठीसुद्धा ती अक्षर जुळवून वाचायची. ती म्हणाली, "आदी रोज इचारायचा, आई मी कवा चालनार. एक दिवशी इचारायचा बंद झाला. तवापास्नं तोच मला धीर द्यायला लागला. मला काय कळत नाय व्हय?"

मी तो शब्द टाइप केला. या वेळी स्पेलिंग मला येत होतं. पान एका क्षणात उघडलं. मी मराठी करून वाचायला लागले. स्नायू कसे झिजतात, आधी पाय, मग हात, मग छाती. आई ऐकत होती आणि मध्येच मान हलवत होती, ओळखीच्या गावांची नावं ऐकावीत तशी. मग मी त्या ओळीपाशी आले आणि थांबले. म्हणाले, झालं, एवढंच आहे.

"पुढचं वाच."

"पुढं तेच आहे परत."

"सुवे," आई म्हणाली, "माझा दत्त्या गेला तवा मी नऊ वर्साची व्हते. त्याला घास मीच भरवायची. पुढचं वाच."

मी वाचलं. आईकडून येतो हे वाचलं, मुलींमध्ये राहतो हेही वाचलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. पदरानं एकदा तोंड पुसलं, माझ्याकडं वळली आणि पहिल्यांदाच मला नीट निरखून बघत असल्यासारखी बघत राहिली.

"मंग तुझं कवा तपासायचं?" तिनं विचारलं.